दुखवट्याच्या घरची होडी

शांताक्काच्या गोठ्यात म्हशीच्या जागी होडी उभी होती, आणि गावाला त्याचं हसू यायचं. गावाला हसू यायला फार काही लागत नाही. बोरीच्या धरणाचं पाणी ज्यांच्या शिवाराला येऊन टेकलंय, त्यांच्यात धड पोहता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. मासे धरणारे भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायचे, तेवढाच काय तो पाण्याशी संबंध. शिडाची होडी ही चीज सोमलिंगनं आणली, तोवर ती इथं कुणी चित्रातसुद्धा नीट बघितली नव्हती.

सोमलिंग बिराजदार हा शांताक्काचा नवरा. नौदलात जहाजावरचा सुतार होता. उभी हयात खाऱ्या पाण्यावर काढून तो पेन्शनीत गावी आला, तेव्हा बायकोसाठी शिलाई मशीन नाही की पोरासाठी मोटारसायकल नाही, ही होडी घेऊन आला. कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली, लाकडाची, वरून फायबर चढवलेली, चार-पाच माणसं जेमतेम बसतील एवढी. ट्रकवरून ती नळदुर्गच्या चौकातून आली तेव्हा पोरं मागं पळत होती. सोमलिंगनं तिची फळी न् फळी स्वतः तासली, रंगवली आणि पाण्यात सोडली. होडीला गाव हसलं, पण त्याच्या हातच्या कामाला कधी हसलं नाही. मठाचं दार त्यानं बसवून दिलं, ते आजही बोट लावलं तरी कुरकुर न करता उघडतं. लग्नातला चौरंग असो नाहीतर बैलगाडीचं जू, "बिराजदाराचा हात लागलाय" म्हटलं की पुढं बोलायचं कारण उरत नसे.

गेल्या वैशाखात तो त्याच होडीतून धरणात गेला आणि बुडून मेला.

दुपारी वळवाचं वारं सुटलं होतं. लांबवर जाळं ओढणाऱ्या एका भोयानं पांढरं शीड कललेलं पाहिलं, मग तो आपल्या जाळ्याकडं वळला. परत बघतो तर शीड पाण्यावर आडवं पडलेलं, होडी तरंगतेय आणि आत माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सोमलिंग सापडला. पोलिसांनी वाऱ्यानं अपघात झाला असं लिहून टाकलं आणि ते मोकळे झाले. गाव मोकळं होत नव्हतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं म्हणतात, सोमलिंगच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. समुद्र पोहलेला गडी तळ्यात बुडतो व्हय? पारावर हा प्रश्न कुणीतरी टाकायचा आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. जिवंतपणी अंगावरून उतरवायचं नसतं ते गळ्यातलं इष्टलिंग त्या दिवशी त्यानं घरीच देवळीत काढून ठेवलं होतं, हे कळल्यावर तर लोकांना पुरावाच सापडला. जीव दिला त्यानं, असं ठरून गेलं.

शांताक्का हे कुणाकडं खोडूही शकत नव्हती, कारण तिच्या पोटात याहून वाईट गोष्ट होती. त्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता ती नवऱ्याला म्हणाली होती, "दिसभर ती होडी न् होडी. जावा, तिच्यातच ऱ्हावा जाऊन. माघारी येऊ नगा."  सोमलिंग टोपी घालून निघून गेला होता. संसारात बायका असलं शंभरदा बोलतात आणि माणसं संध्याकाळी परत येऊन जेवतात. हा आला नाही. तेव्हापासून वर्षभर तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आधी डोलकाठी पडली आणि मग नवरा पाण्यात गेला, का आधी नवराच उतरला आणि मग रिकाम्या होडीची काठी पडली? देवाला विचारून झालं होतं. देव बोलत नव्हता.

असं वर्ष गेल्यावर सास्तूरहून पाव्हणे आले. भागवत नावाचे पिकल्या मिशांचे एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा इंद्रजित. मुलगा मालवाहू जहाजांवर नोकरी करून परतलेला. माकणीच्या धरणावर पोरांना शिडाची होडी चालवायला शिकवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. नवी होडी आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी शोधत होता. कुणाकडून तरी त्याला सोमलिंगच्या होडीचं कळलं.

शांताक्काचा मुलगा नंदीश त्यांना गोठ्यात घेऊन गेला. नंदीशचं हायवेला विहिरीच्या जळालेल्या मोटारींना नवं वाइंडिंग भरून द्यायचं दुकान होतं. बाप गेल्यापासून पोरगं निम्मं झालं होतं. त्यानं ताडपत्री ओढली. इंद्रजितनं होडीच्या अंगावरून हात फिरवला, वाकून खालून बघितलं, बाजूला आडवी ठेवलेली डोलकाठी बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नाला मुलगी पसंत पडल्यावर येतो तसा भाव आला.

चहा घेताना त्यानं भीत भीत विषय काढला. "काकू, होडी झकास हाय. पर घ्यायच्या आधी एकदा सर्व्हेअरला दाखवावी म्हणतो. जुन्या होडीचं आतलं काय कळत न्हाय."

भागवतरावांनी बशी खाली ठेवली. "इंद्रजित, गप. शांताक्का, पोराच्या बोलण्याचं मनावर घिऊ नका. आमच्या घराची रीत हाय. दुखवट्याच्या घरातनं जित्राब घेतलं तर त्याचे दात बघायचे न्हाईत. सांगितलं ते वय खरं. माझ्या आज्यापासनं कुणी बघितले न्हाईत. आता होडीला दात नसत्यात ही गोष्ट निराळी, पर घर तर दुखवट्याचंच हाय का न्हाय?"

"खरं हाय काकांचं," नंदीश लगेच म्हणाला. "घरातल्या माणसाचं झालं अन् आता वस्तूची चिरफाड कशापायी? आन् अप्पा जायच्या आधी यार्डातला माणूस कोकणातनं येऊन समदी दुरुस्ती करून गेलाय. होडी चांगली हाय."

तेही शांताक्काला आठवत होतं. त्या साली शिमग्याच्या सुमाराला सोमलिंगला होडीच्या आत एके जागी लाकूड मऊ लागलं. त्यानं कोकणातल्या यार्डाला, म्हणजे होड्या बांधतात-दुरुस्त करतात त्या कारखान्याला, फोन केला. स्वतःच केलं असतं, पण डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि फळीवरची रेघ दिसत नव्हती. यार्डवाले म्हणाले, पाऊसकाळ झाल्यावर बघू, तोवर पाण्यात घालू नका. तो फोन ठेवल्यावर सोमलिंगचा चेहरा असा पडला की दोन दिवस त्यानं धड जेवण केलं नाही. रोज धरणाच्या काठाला जाऊन नुसता बसायचा. मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याला सोलापूरला नेलं, शांताक्काही बरोबर गेली. परत आले तेव्हा नंदीश हसत दारात उभा. यार्डातला माणूस इकडं कामाला आला होता, त्याच्या हातापाया पडून करून घेतलं, म्हणाला. म्हाताऱ्यानं त्या जागी हात फिरवला. वर गुळगुळीत रंग लागला. पोटच्या पोरानं सांगितलं, त्याला काय ठोकून बघायचं? सोमलिंग त्या दिवशी लहान पोरासारखा खूश होता.

"पाव्हणं," शांताक्का आता भागवतरावांना म्हणाली, "तुमची रीत मोठी हाय. पर मी सांगते, दात बघा. तुमच्यासाठी नका बघू, माझ्यासाठी बघा."

"तुमच्यासाठी?"

"ती काठी कशी पडली ते सांगणारा कुणी आसंल तर त्याला आणा. मला ऐकायचंय."

भागवतरावांनी मान खाली घातली. बाईच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं. पाराची कुजबुज सास्तूरपर्यंतही गेली असणार. नंदीश उठून बाहेर गेला.

सर्व्हेअर आणायचा म्हणजे काय, हे मग सगळ्यांना कळलं. धाराशिव जिल्ह्यात जमीन मोजणारा मिळतो, विहिरीला पाणी सांगणारा मिळतो, होडी तपासणारा कुठून मिळणार? नंदीशनं पुढं होऊन आपणच एक जण आणला. विम्याच्या गाड्या बघणारा होता बिचारा. ट्रक उलटला, ट्रॅक्टर जळला की हा फोटो काढायला जायचा. त्यानं होडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, वहीत काहीतरी खरडलं आणि चेसिस नंबर कुठं आहे म्हणून विचारलं. शांताक्कालासुद्धा वर्षानं पहिल्यांदा हसू आलं. "ह्याला च्या पाजा अन् लावून द्या," ती म्हणाली.

इंद्रजित मात्र नेटाचा होता. जहाजावरच्या जुन्या सोबत्यांना त्यानं फोन लावले. एकानं मुंबईचा माणूस सांगितला, तो म्हणाला मी मोठी जहाजं बघतो, तुमच्या खेळण्यासाठी येत नाही. दुसऱ्यानं सांगितलेला माणूस वारलेला निघाला. शेवटी रत्नागिरीकडच्या एका यार्डाचा मालक भेटला. इंद्रजित त्याला म्हणाला, तुमचाच कुणी माणूस पाठवा ना तपासायला, पुढं दुरुस्तीही तुमच्याकडंच देतो. तो भला माणूस होता. म्हणाला, "असं करू नका. जो दुरुस्त करणार त्यालाच तपासायला लावलं तर तो नसलेली भोकं दाखवील. सर्व्हेअर यार्डाच्या पगारातला नसावा. मी एक नाव देतो, त्याचं माझं फारसं पटत नाही, म्हणूनच देतो." त्यानं दिलेलं नाव वायंगणकर.

हे सगळं चालू असताना नंदीश कुठंच नव्हता. दुकानात जास्त वेळ बसायचा. घरी आला की सांगायचा, भंगारवाला होडीचं लोखंड मागतोय, देऊन टाकू. मग म्हणाला, पाव्हण्यांना फुकटच देऊ, अप्पांचं नाव राहील, तपासायची भानगड नको. शांताक्काला वाटलं, पोराला होडी डोळ्यासमोर नको झालीय. बापाला गिळलेली वस्तू, कुणाला आवडेल? एकदा तिनं सहज विचारलं, "तो यार्डातला माणूस कोण हुता रं? नाव काय त्याचं? सर्व्हेअरला सांगायला बरं."

"आता कुठं ध्यानात हाय," म्हणत तो आंघोळीला उठला. तिनं आणखी काही विचारलं नाही. आईनं पोराची उलटतपासणी घ्यावी असं तिच्या मनात कशाला येईल.

वायंगणकर आला तो सोलापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं. सडपातळ, टक्कल पडलेला, कमी बोलणारा माणूस. खांद्याच्या पिशवीत ओल मोजायचं एक यंत्र, बॅटरी आणि एक लाकडी हातोडी. होडी अंगणात काढून दोन ओंडक्यांवर ठेवली होती. गाव गोळा झालंच. भिंतीवर पोरं, दारात बायका, पारावरचे कारभारीही येऊन उभे राहिले. कल्याणप्पा म्हणून एक होते, मठाच्या पंचांतले, जीव दिला हे वाक्य पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून निघालं होतं. ते सगळ्यांत पुढं होते.

वायंगणकरनं आधी होडीला हात जोडले. मग हातोडीनं ठोकत ठोकत तिच्या अंगावरून निघाला. दर ठोक्याला कान जवळ न्यायचा. वैदू म्हशीचं पोट बघतो तसं ते चाललं होतं. टण, टण, टण, असा कोरडा आवाज येत होता. एका कुशीवरून गेला, दुसऱ्या कुशीवरून आला. मग आत उतरला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा जिथं होडीला अडकवतात, तिथं लोखंडी पट्टी असते. डावीकडची पट्टी जागेवर होती. उजवीकडची उपसून गेलेली होती, नुसती खाच राहिली होती. त्या खाचेभोवती त्यानं ठोकलं आणि आवाज भद् असा आला. पुन्हा ठोकलं. पुन्हा भद्.

यंत्र लावून बघून तो वर आला. "काकू, इथं कापून बघायला हवं. पण वस्तू तुमची आहे. तुमच्या परवानगीवाचून मी चाकू लावणार नाही."

"कापू नका," नंदीश पुढं झाला.  "यार्डातल्या माणसानं काम केलंय तिथं. बिघडंल. इंद्रजितभाऊ, तुमाला घ्यायचीय ना? अशीच घ्या."

इंद्रजित शांताक्काकडं बघत राहिला.

"कापा," शांताक्का म्हणाली.

वरचा रंगाचा गुळगुळीत पापुद्रा निघाला. त्याच्याखाली फायबरचं पातळ कापड. त्याच्याखाली राखाडी रंगाचा एक कडक गोळा. वायंगणकरनं तो सुरीच्या टोकानं उचकटला आणि आतून ओला भुसा सांडला. लाकूड नव्हतंच तिथं. बोट घातलं तर बोट आत गेलं.

त्यानं तो गोळा उजेडात धरला. "ही पुट्टी आहे. गाडीचं दार ठोकून सरळ केल्यावर वर भरतात ती. आणि हे वरचं कापड पाण्याच्या टाकीला लावतात. कुजलेलं लाकूड काढलंच नाही, तसंच आत ठेवून वरून बुजवलंय. ह्या पट्टीवर सगळ्या शिडाचा ताण येतो. पुट्टी किती धरणार? जोराचा वारा आला, पट्टी उपसली, काठी आडवी झाली. बसलेल्या माणसाला कळायच्या आत डोक्यात आली असणार."

 शांताक्का होडीच्या कडेला आली. हा प्रश्न तिनं वर्षभर इतक्यांदा मनात विचारला होता, की आता तोंडातून निघताना तो अगदी साधा निघाला.

"भाऊ, ते आधीच उतरून गेले असतील, पाण्यात, अन् मग रिकाम्या होडीची काठी पडली, आसं झालं आसंल का?"

वायंगणकरनं मान हलवली. "नाही काकू. तसं होऊच शकत नाही. ह्या होडीचं सुकाणू सोडलं ना, की ती आपोआप वाऱ्याकडं तोंड करून उभी राहते. शीड नुसतं फडफडत बसतं, तारेवर ताणच येत नाही. मग पट्टी कशी उपसेल? पट्टी उपसली याचा अर्थ शीड भरलेलं होतं. आणि शीड भरलेलं होतं याचा अर्थ शेवटच्या क्षणापर्यंत सुकाणू कुणीतरी धरून होतं." मग त्यानं विचारलं, "होडी कुठल्या बाजूला सापडली?"

"गावाकडच्या," गर्दीतून तोच भोई म्हणाला. "घाटाकडं तोंड हुतं. माघारीच येत हुते ते."

शांताक्का होडीला टेकून खाली बसली. माघारी येत होते. ती म्हणाली होती येऊ नका, आणि ते येत होते. सकाळचं बोलणं मनावर घेतलंच नव्हतं त्यांनी. तिनं पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत रडली, आणि त्या रडण्यात वर्षाचं ओझं उतरत गेलं. बायकांनी तिला धरलं. कल्याणप्पा खाली बघत होते. कुणीतरी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "उचलली जीभ लावली टाळ्याला. बघा आता." क्षणभर, खरोखर क्षणभर, शांताक्काच्या जिवाला गार वाटलं.

"पण हे काम केलं कुणी?" वायंगणकर हात पुसत विचारत होता.

"यार्डातला माणूस म्हणाले होते," इंद्रजित म्हणाला.

"कुठल्या यार्डातला? नाव सांगा मला. किनाऱ्यावरचे सगळे यार्डवाले माझ्या ओळखीचे आहेत. हे काम ज्यानं केलं त्यानं माणूस मारलाय, दुसरा शब्द नाही. त्याला मी सोडणार नाही. उद्या तो आणखी कुणाच्या होडीला हात लावील."

सगळं गाव नंदीशकडं बघायला लागलं. यार्डाच्या माणसाला त्याच्याशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं. शांताक्कानंही पदर खाली घेऊन त्याच्याकडं बघितलं.

पोराचा चेहरा राखेसारखा झाला होता.  हात बाजूला लोंबत होते, आणि ते हात बघताना शांताक्काला एकदम सगळं दिसलं. हायवेला त्याच्या दुकानाला लागून सिद्धारामचं शेड होतं, पाण्याच्या फायबर टाक्या बनवायचं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. शेडच्या पलीकडं गाड्या रंगवणारा. कोकणातून कुणीच आलं नव्हतं. म्हातारा काठावर बसून झुरतोय हे पोराला बघवलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं ते भोक बुजवलं होतं, रंग दिला होता, आणि बाप खूश व्हावा म्हणून खोटं बोलला होता. बाप खूश झाला होता, आणि दोन महिन्यांत मेला होता. हे सगळं कळायला तिला एका श्वासाएवढाही वेळ लागला नाही.

नंदीशनं तोंड उघडलं. "म्या..."

"यार्डातलं कुणी आलं न्हाय," शांताक्का मोठ्यानं म्हणाली. ती उठून उभी राहिली. "ह्यांनीच केलं. मालकांनी."

वायंगणकर थांबला. "नौदलातल्या सुतारानं? हे?"

"डोळ्याला दिसत नव्हतं त्यांला. ऑपरेशन नुसतं झालं हुतं. पोरगं सांगत हुतं थांबा म्हणून, म्या सांगत हुते. ऐकलं न्हाय. मिळंल ते आणलं अन् बुजवलं. लोक हसतील म्हणून यार्डाचं नाव घ्या म्हणाले."

एकदा खोटं बोलायला लागलं की शब्द कसे भराभर येतात, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. ज्या माणसाच्या हातच्या कामाकडं आख्ख्या गावानं कधी बोट दाखवलं नव्हतं, त्याच्या हातात तिनं ती पुट्टी दिली. जीव दिल्याचा डाग ती धुवायला निघाली होती. तो धुतला गेला, आणि त्याच पाण्यात तिनं त्याचं उरलंसुरलं नाव बुडवलं.

"अरेरे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "म्हातारपणी हात गेला म्हणायचा बिराजदाराचा."

भागवतरावांनी एकदा नंदीशकडं बघितलं, एकदा शांताक्काकडं. जनावरं पारखण्यात जन्म गेलेला माणूस तो.  टोपी काढून त्यांनी शांताक्कापुढं मान लववली आणि लेकाला म्हणाले, "चल, ट्रकचं बघ. आपुन होडी घेतली."

चार दिवसांनी होडी ट्रकवर चढून कोकणातल्या यार्डाकडं गेली. तिकडं कुजलेलं सगळं काढून नवं लाकूड बसवणार होते, मग ती माकणीच्या पाण्यात उतरणार होती. जाताना इंद्रजित शांताक्काच्या पाया पडला. गावात जीव दिल्याची गोष्ट खरंच थांबली. तिची जागा दुसरीनं घेतली. पारावर म्हणायला लागले, बोटीचा सुतार, आन् पुट्टी लावून स्वतःच्याच कामानं बुडाला. ह्यात हसण्यासारखंही होतं, त्यामुळं ही गोष्ट जास्त टिकणार असं दिसत होतं. मठाच्या दारातून जाताना कल्याणप्पा एकदा थांबले आणि दार हलवून बघितलं, नीट बसवलंय ना म्हणून. शांताक्का तिथंच होती. तिनं ते पाहिलं आणि ती पुढं गेली.

त्या दुपारी ती रिकामा गोठा झाडत होती. नंदीश दुकान बंद करून अवेळी आला आणि उंबऱ्यापाशी उभा राहिला. त्या दिवसापासून दोघं एका छपराखाली राहत होते, पण एकमेकांकडं बघून बोलले नव्हते.

"अव्वा, म्या समद्यांला सांगतो. मठात जाऊन पंचांम्होरं सांगतो."

"काय सांगतोस?"

"अप्पांनी न्हाय, म्या..."

"बोलू नगंस." तिनं खराटा खाली टाकला. "एक अक्षर बोलू नगंस."

"तुला म्हाईत हाय ना?"

"म्हाईत असणं निराळं अन् ऐकणं निराळं. तू तोंडानं बोललास तर मला ते ऐकावं लागंल. मग तुज्या हातचं पाणी मला गिळायचं न्हाय, नंदीश. मला अजून तुज्याच घरात ऱ्हायचंय."

"अप्पांचं नाव गेलं गं."

"गेलं. म्याच घालवलं." ती खाली बसली. "ते मातीत हाईत. त्यांला आता कुणी रस्त्यात अडवून विचारणार न्हाय. तुला रोज हायवेवर जाऊन दुकान उघडायचंय, उद्या बायको आणायचीय. दोघांतलं एकच राखता येत हुतं मला. म्या जित्तं राखलं."

नंदीश गुडघ्यावर बसला आणि त्यानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तो मोठ्यानं रडला, लहानपणी रडायचा तसा, श्वास कोंडेपर्यंत. शांताक्का त्याच्या केसांकडं बघत होती. त्यानं जे केलं ते मायेपोटी केलं, हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. ह्याच डोक्यावरून तिनं किती वेळा हात फिरवला होता. आजही फिरवायचा होता. तिनं मनाला सांगितलं, पोरगं आहे, फिरव. मनानं ऐकलं, हातानं ऐकलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली, "भाकरी झाकून ठेवलीय, जेवून घे."

तो तसाच पडून राहिला. तिचा हात जमिनीवर, शेणानं सारवलेल्या भुईवर, पालथा पडून राहिला.